सांगितल्याबिगर

तुम्ही म्हणता चाचणीत सगळं कळतं, म्हणून देवळ्याच्या भाऊसाहेबांचं सांगते. कांद्याचे व्यापारी. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला, म्हणून गंगापूर रोडला माझ्याकडे उपचाराला यायचे. स्मरणशक्ती, हिशोब, कोडी, कागदावरच्या सगळ्या चाचण्या त्यांनी व्यवस्थित सोडवल्या. मी खूश. त्यांची बायको मात्र म्हणाली, "मॅडम, घरी हे सांगितल्याबिगर हलत नायत."

मग मी कांदेच मागवले. "यातले बारीक वेगळे काढा." त्यांनी बिनचूक काढले. ढिगात एक सडका कांदा पाणी सोडत होता, तो मात्र तसाच.

"हा का ठेवला?"

"तुम्ही बारीक काढा म्हणालात."

बायकोने तोंडाला पदर लावला. "आधी नुसता वास आला तरी अख्खी गोणी उलटी करायचे."

त्यानंतर कित्येक महिने आम्ही त्यांना एकच सवय लावत होतो. काम संपलं वाटलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, "अजून काय राहिलं?"

एक दिवस दवाखान्याखाली रस्त्यावर आरडाओरडा झाला. भाऊसाहेब "अजून काय राहिलं?" असं पुटपुटत भाजीवाल्याच्या गाडीवरचे सडके कांदे वेचून फेकत होते आणि तो शिव्या देत होता. मी आवरायला निघाले, तर बायकोने माझा हात धरला.

"देऊ द्या शिव्या," ती म्हणाली. "यांना कुणी सांगितलं नव्हतं."