मंगळवारी जन्मलेल्या माणसाचा वार बदलल्याबाबत

असूक्रोम पोलीस ठाणे. जबाब दिनांक २३ सप्टेंबर २०२४, सोमवार, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

नाव: आफुआ फ्रेमा डोंकोर. वय: ५७ वर्षे. धंदा: नोकरी, नोंदणी लेखनिक, 'गॉड्स टाइम' प्रसूतिगृह. राहणार: मेथडिस्ट शाळेच्या मागे, निळ्या फाटकाचे घर, असूक्रोम, कुमासी रस्ता.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून सांगते की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून एकोणतीस वर्षांपासून प्रसूतिगृहात कामास आहे. सार्जंटसाहेबांनी माझा धंदा प्रथम 'टायपिस्ट' असा लिहिला होता, तो मी खोडायला लावला. टायपिस्ट मी २०११ पर्यंत होते. आता प्रसूतिगृहाच्या सर्व नोंदी क्लाउडवर ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे व ते मी कोणाच्याही मदतीशिवाय शिकले आहे.

क्लाउड म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगते की, आकाशाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या गावात कोणाचे तरी मोठमोठे संगणक असतात, त्यांत आपण जागा घेतो आणि आपले कागद तिथे ठेवतो. आपल्याकडे पाऊस गळला, वाळवी लागली, तरी तिथली प्रत शाबूत राहते. वाळवी तिथे का पोचत नाही, असे सार्जंटसाहेबांनी विचारले. पोचत असेल, पण तिथे निगा राखायला माणसे पगारी आहेत, असे मी सांगितले.

प्रसूतिगृहाच्या मालकीणबाई अकोसुआ दुफिये, वय ८६, यांना सारे गाव आंटी अकोसुआ म्हणते. १९६१ सालापासून त्यांनी ११,३१२ बाळे बाहेर काढली व प्रत्येकाची तारीख, वार, आईचे नाव व बाळाचे वाराचे नाव स्वतःच्या हाताने वह्यांत लिहिले. या वह्यांवरून प्रसूतिगृह जन्माचा दाखला देते व जिल्ह्याची कचेरी तो मानते. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीपासून सहा महिन्यांत मी सर्व वह्यांच्या पानांचे फोटो काढले, सर्व ओळी टाइप केल्या व क्लाउडवर चढवल्या. या जूनमध्ये १९६१ ते ६८ च्या वह्या वाळवीने खाल्ल्या. खोके उघडले तेव्हा आत भुसा होता. आंटी अकोसुआ त्या भुशाकडे पाहत म्हणाल्या, "बरं झालं पोरी, तू माझं ऐकलं नाहीस." त्यांचा फोटो काढण्याला विरोध होता. हे वाक्य जबाबात असावे अशी माझी विनंती आहे.

दि. २८ जुलै २०२३ पासून दर शुक्रवारी मी एक पानाचे टिपण लिहिते. त्या आठवड्यात काय शिकले, कामाची एक युक्ती आणि शेवटी 'या आठवड्याची माझी चूक'. दुपारी बारा वाजता ते प्रसूतिगृहाच्या फाटकाजवळच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी चिकटवते. फोनवरच्या गटात ते ३४० लोक वाचतात, त्यांत कुमासीच्या दोन कॉलेजांचे शिक्षक आहेत. माझा एक नियम आहे. जी गोष्ट मी स्वतः चार आठवडे करून पाहिली नाही ती टिपणात लिहीत नाही. आजपर्यंत ६१ टिपणे झाली. एकही शुक्रवार चुकलेला नाही, माझ्या सासूबाई वारल्या तो शुक्रवारही नाही.

आरोपी क्वाबेना आसिएदु, वय ५९, मुख्य लेखनिक, गावातील सरकारी कचेरी, यास मी ओळखते काय, असे विचारल्यावरून सांगते की, ओळखते. १९८५ साली आम्ही टायपिंगच्या एकाच वर्गात होतो. त्याचा वेग मिनिटाला बासष्ट शब्द होता, माझा अठ्ठावन्न. हे तो अजून सांगतो. पहिले टिपण लागले त्या दिवशी तो भिंतीसमोर दात घासायची काडी चघळत उभा राहिला आणि रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आफुआ, आता ढगात कपडे वाळत घालणार का तू? चिमटे पुरतील ना?" नंतर खिशातून लाल पेन काढून त्याने टिपणातल्या टायपिंगच्या चार चुका दुरुस्त केल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, तो येऊन टिपण वाचत असे व लाल पेनाने दुरुस्त करीत असे. शेवटचे सोडून साठही टिपणे त्याने वाचली आहेत. मला त्याचा राग येत असे. बारा वाजल्यानंतर मी खिडकीजवळ बसत असे.

बुधवार दि. १८ रोजी सकाळी तो खिडकीवर आला व म्हणाला, "एक जन्माचा दाखला काढून ठेव. घाई नाही, तुझ्या सवडीनं." मी अर्ज घेतला. शुक्रवार दि. २० रोजी सकाळी सव्वादहा वाजता मी आठवड्याचे सर्व दाखले छापण्यास घेतले. सात दाखल्यांपैकी सहा हिरवे दाखवले गेले व क्वाबेनाचा लाल झाला.

लाल म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते की, ही युक्ती माझी स्वतःची आहे, कोणत्याही पुस्तकातली नाही. टिपण क्रमांक ३१ मध्ये ती दिली आहे. आमच्याकडे बाळाचे नाव आठव्या दिवशी ठेवतात, पण वाराचे नाव बाळ जन्मताच सोबत घेऊन येते. मंगळवारचा मुलगा क्वाबेना, शुक्रवारचा कोफी, शुक्रवारची मुलगी आफुआ, रविवारची अकोसुआ. सार्जंटसाहेबांना हे सांगायला नको, ते स्वतः क्वाकू आहेत, बुधवारचे, पण कागद वरच्या कचेरीत जाईल म्हणून लिहायला सांगितले. मी संगणकाला सात वार आणि चौदा नावे शिकवली. तारखेवरून वार काढायचा, नावाशी ताडून पाहायचा, जुळला नाही तर ओळ लाल करायची. उत्तरेकडच्या व परगावच्या कुटुंबांत अशी नावे नसतात, त्या ओळी वगळून १०,४०६ ओळी उरतात. गेल्या फेब्रुवारीत सर्व जुळल्या होत्या. त्रेसष्ट वर्षे एका बाईने हाताने लिहिले आणि वाराची एक चूक नाही. ही गोष्ट मी आंटींना सांगितली तेव्हा त्या "मग?" एवढेच म्हणाल्या.

शुक्रवारी क्वाबेनाच्या नावापुढे जन्मतारीख १७ नोव्हेंबर १९६७ अशी होती. तो शुक्रवार येतो. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला क्वाबेना कोणी म्हणत नाही. शिवाय टायपिंगच्या वर्गात तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता, तो या तारखेने एकाएकी माझ्याबरोबरीचा झाला. त्या पानाचा फोटो जागेवर नव्हता. जुन्या प्रती आपोआप जपून ठेवण्याची सोय मी टिपण १४ मध्ये सांगितली होती. ती सोय बंद करून जुन्या प्रती पुसलेल्या होत्या. कोण कधी आत आले याची यादी कशी वाचावी ते टिपण २२ मध्ये आहे. त्यानुसार पाहता, मंगळवार दि. १७ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी कोणीतरी मालकीणबाईंच्या नावाने आत शिरले होते. मी रोज माझ्या वेगळ्या नावाने काम करते, त्यामुळे मला कळले नाही. त्या वेळी आंटी अकोसुआ माझ्यासमोर मक्याच्या पिठाचे केंके व तळलेला मासा खात होत्या. काम नीटनेटके होते. चौदावे आणि बाविसावे टिपण ज्याने समजून वाचले आहे त्यालाच हे जमले असते. अशी माणसे गावात फार नाहीत.

मूळ ओळ मला कशी मिळाली, असे विचारल्यावरून सांगते की, ऑगस्टपासून मी दर शुक्रवारी सर्व नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर, वेगळ्या कुलपाखाली ठेवत होते. त्याला चार आठवडे त्याच दिवशी पूर्ण होत होते. म्हणजे ही युक्ती एकसष्टाव्या टिपणात होती आणि ते अजून भिंतीवर लागायचे होते. दि. १३ च्या प्रतीत पानाचा फोटो सापडला. आंटींच्या अक्षरात १७ नोव्हेंबर १९६४, मंगळवार, क्वाबेना, पायाळू, असे आहे.

मालकीणबाईंच्या नावाने आत शिरता कसे आले, हे मला कोणी विचारलेले नाही. मी होऊन सांगते व ते लिहून घ्यावे. खाते उघडताना पासवर्ड विसरल्यास विचारायचा एक प्रश्न निवडायचा असतो. आंटी म्हणाल्या, "मी मरेपर्यंत विसरणार नाही असं काहीतरी ठेव बाई." मी ठेवले: तुमचा जन्म कोणत्या वारी झाला? ज्या बाईला सारे गाव साठ वर्षे अकोसुआ म्हणून हाका मारते, तिचा जन्मवार! तीन आठवड्यांनी टिपण ९ मध्ये मीच लिहिले की, प्रश्न असा निवडावा ज्याचे उत्तर शेजाऱ्याला ठाऊक नसेल. त्या टिपणाच्या कडेला क्वाबेनाने लाल पेनाने लिहिले होते, "आधी स्वतःच्या घराचं कुलूप बघ." मी ते टोमणा समजले व कागद काढून ठेवला. कुलूप पाहिले नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. शुक्रवारी आंटींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घराची किल्ली तू माझ्याच गळ्यात बांधून गावभर फिरवलीस होय गं?"

त्याच दिवशी बारा वाजता मी टिपण ६१ भिंतीवर लावले. 'या आठवड्याची माझी चूक' या मथळ्याखाली वरील प्रश्नाची हकीकत जशीच्या तशी लिहिली. क्वाबेना सव्वाबाराला आला नाही. साडेबारालाही आला नाही. दीड वाजता मी बसथांब्याजवळच्या खानावळीत गेले. तो फुफूचे गोळे रश्शात बुडवून खात होता. मी छापलेला दाखला त्याच्या ताटाशेजारी ठेवला व म्हणाले, "कसा आहेस, कोफी?"

त्याचा हात वाटीतच राहिला. तो म्हणाला, "शुक्रवार येतो होय?"

"शुक्रवार येतो."

"साठ टिपणं वाचली मी तुझी. एकतिसावं वाचताना वाटलं होतं, बायकी चाळा आहे हा. त्यावर लाल पेनसुद्धा चालवलं नाही."

"सहा वर्षं कमी केली असतीस तर सुटला असतास," मी म्हणाले. "सत्तर साली सतरा नोव्हेंबर मंगळवारीच येतो. मी बघितलं."

तो हसला. म्हणाला, "हाव करायलाही अक्कल लागते." मग त्याने हात धुतले. म्हणाला, "नोव्हेंबरात साठ पूर्ण होतात, आफुआ, म्हणजे निवृत्ती. अडतीस वर्षं त्या खुर्चीवर गेली. घरी बसून काय करू, सांग. कोंबड्यांना टायपिंग शिकवू? पुढच्या वर्षी सगळी कचेरी क्लाउडवर जाणार आहे आणि आमच्याकडे ते येतं फक्त मला. तुझ्यामुळं. तीन वर्षं मागत होतो, जास्त नाही."

मी दाखला परत घेतला. तो म्हणाला, "जुनी प्रत परत ठेव. मी अर्ज मागं घेतो. कुणाला कळणार नाही."

मी त्याला सांगितले ते येथे नोंदवावे. गुपचूप बदललेली नोंद आणि गुपचूप दुरुस्त केलेली नोंद यांत बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. उद्या जिल्ह्याच्या कचेरीला यातले काही कळले, तर ती ११,३१२ ओळींवरचा विश्वास काढून घेईल आणि ती माणसे आपला जन्म कुठे शोधणार? पहिल्या आठ वर्षांच्या वह्या तर वाळवीच्या पोटात आहेत. म्हणून बदल कोणी केला, कसा केला आणि कुठून दुरुस्त झाला, हे सरकारी कागदावर आले पाहिजे. माझ्या चुकीसकट आले पाहिजे. यावर तो म्हणाला, "मग ठाण्यात सोमवारी जा. उद्या ओफोरीवा मावशीचा अंत्यविधी आहे, तो तरी नीट होऊ दे." मी मान्य केले. शनिवारी अंत्यविधीला व रविवारी प्रार्थनेला आम्ही नेहमीप्रमाणे एकाच बाकावर बसलो. 

दि. २१ रोजी मी सर्व १०,४०६ ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. मूळ ओळ परत ठेवल्यावर सर्व हिरव्या आहेत. त्याची छापील यादी, १७३ पाने, सोबत जोडली आहे. प्रश्न बदलला आहे. नवे उत्तर आंटी अकोसुआ व मी सोडून कोणाला ठाऊक नाही व ते मी या ठाण्यातही सांगणार नाही.

माझी कोणाविरुद्ध वैयक्तिक तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. आरोपीस टिपणांतील कामाचे कितपत ज्ञान आहे, असे विचारल्यावरून सांगते की, माझ्या खालोखाल या जिल्ह्यात त्याचे आहे. त्याच्या कचेरीने पुढे काय करावे हे सांगणे माझे काम नाही. परंतु क्लाउडचे काम शिकवायला माणूस लागला तर प्रसूतिगृहात दर गुरुवारी वर्ग सुरू करावा, असे आंटी अकोसुआ म्हणाल्या आहेत आणि शिकवणारा साठीच्या आतला असावा अशी त्यांची अट नाही. हे वाक्य सार्जंटसाहेब लिहीत नव्हते, मी लिहायला लावले.

टिपण ६१ अजून भिंतीवर आहे. आज सकाळी ठाण्यात येताना मी ते पाहिले. त्यात टायपिंगच्या दोन चुका आहेत, तिसऱ्या व अकराव्या ओळीत. मी त्या दुरुस्त केलेल्या नाहीत.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात येत होता, परंतु मी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

सही: आफुआ फ्रेमा डोंकोर
समक्ष: क्वाकू आम्पोन्सा, सार्जंट, असूक्रोम पोलीस ठाणे