थंडी कुठंय?

…आणि एवढं सगळं होऊनही बाबा म्हणतात काय, तर "थंडी कुठंय?" आता तुम्हीच बघा माझ्याकडे, आत दोन स्वेटर, वर भावाचा टाकलेला कोट, पायांत मोज्यांवर मोजे, आणि टाइप करता यावं म्हणून हातमोज्यांची बोटं मी स्वतः कात्रीनं कापलीत, आणि तरी माणूस म्हणतो थंडी कुठंय! बरं, हे म्हणताना त्यांच्या तोंडातून वाफ निघते. स्वयंपाकघरात उभं राहून, आणि चुलीवर काहीही नसताना वाफ! मी बोट करून दाखवते, बाबा, ही बघा, तर ते तोंड मिटून घेतात आणि नाकानं श्वास सोडतात. मग नाकातून निघते.

अम्मानमधली आमची ही घरं कुणी बांधली त्याला मला एकदा भेटायचंय. दगडाच्या भिंती, फरशी अशी की अनवाणी पाय पडला तर दात वाजतात, आणि खिडक्या एवढाल्या मोठ्या, कशासाठी, तर वारा यावा म्हणून. येतो ना! बंद असल्या तरी येतो. माझा भाऊ नायेल स्वीडनला असतो. त्याचा व्हिडिओवर फोन येतो, मागे खिडकीत हे एवढं बर्फ, आणि हा पठ्ठ्या बनियनवर. भाड्यातच ऊब धरलेली असते म्हणे तिकडे. मागून त्याची स्वीडिश बायको डोकावते आणि विचारते, तुमच्याकडे तर ऊन असतं ना? असतं की. बाहेर असतं. मी जानेवारीत गरम व्हायला रस्त्यावर जाऊन उभी राहते, हे त्या बाईला कसं सांगू?

आणि विजेचं म्हणाल, तर बिलात एक रेषा असते, तेवढ्या युनिटांच्या वर गेलं की दर चढतो. रेषेच्या अलीकडे माहेर, पलीकडे सासर. ती रेषा ओलांडू नये म्हणून आमचे बाबा दिवसभर गस्त घालतात. निवृत्त झालेत, भूगोल शिकवायचे, आता त्यांच्या भूगोलात फक्त घरातली बटणं उरलीत. मी गीझर लावला की न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे. "झालं का, बाबा?" हो, मलाच बाबा. आमच्याकडे बाप लेकीला हाक मारतो तीसुद्धा 'बाबा' अशीच, म्हणजे घरात दोन बाबा आणि एकालाही कोणी विचारत नाही.

पहिल्या पगारातून मी एक छोटा विजेचा हीटर आणला होता. टेबलाखाली ठेवायचे, दार लावून काम करायचे, चार महिने घरबसल्या एका कंपनीचं काम करतेय मी, दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडतो तो फक्त हेडफोनमधून. डिसेंबरचं बिल आलं आणि हीटर पकडला गेला. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी तो वायर गुंडाळून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "एक घर, एक सोबा. सगळ्यांनी एका खोलीत बसायचं."

सोबा म्हणजे ती आमची चाकांवरची शेगडी, पोटात गॅसचा सिलिंडर घेऊन गरोदर बाईसारखी खोल्याखोल्यांतून फिरते. आणि सगळ्यांनी म्हणजे कोणी? मी आणि ते! आई होती तेव्हा ठीक होतं हे, तेव्हा आम्ही पाच जण एका खोलीत गाद्या टाकून हिवाळा काढायचो, सोबेवर संत्र्याच्या साली, नायेलचे पाय माझ्या पाठीत, बहिणीच्या नाकाचा आवाज, आणि मी देवाला म्हणायचे, मला एक खोली दे, फक्त माझी. देवानं चार दिल्या. बहीण जेद्दाला, ती एसीनं गारठते.

असो. तर मला कल्पना सुचली. शिकलेलं डोकं आहे, थंडीत जरा उशिरा चालतं एवढंच. दिवाणखाना तर तुम्हाला माहीतच आहे, सगळ्यांच्या घरात असतो, सोनेरी पायांच्या खुर्च्या, वर चादरी, दार बंद. मालकांनी तिथे बसायचं नाही. पण पाहुणा आला की दार उघडायचं आणि घरातली सोबा ढकलत तिथे न्यायची, मग घरचे मागे गारठून मेले तरी चालतील. मग मी म्हटलं, आपण पाहुणेच का होऊ नये? रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसायचं. ऊब त्यांची, बिल त्यांचं!

बाबा म्हणाले, कारणाशिवाय कसं जायचं? म्हटलं, कारण आहे, आई गेली तेव्हा खालच्या उम्म रकान कितीदा येऊन गेल्या, आपण एकदाही फेड केली नाही.  आणि ते खरंच होतं. कोणाकडे जायचंय, कोण येऊन गेलंय, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं. ती गेली आणि आमच्या दाराची घंटा जी बसली ती बसलीच. मग ते उठले, दाढी केली आणि कोट बदलला, म्हणजे आतला बाहेर आणि बाहेरचा आत.

उम्म रकान म्हणजे रकानची आई. रकान असतो ह्यूस्टनला. बाबा म्हणजे अबू नायेल, नायेलचे वडील, तो स्वीडनला. वरच्या मजल्यावर अबू सिनान आणि त्यांची बायको, सिनान कतारला. आमच्या जिन्यात सगळे एकमेकांना परदेशात गेलेल्या पोरांच्या नावानं हाका मारतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, केवढी भरलेली इमारत आहे.

उम्म रकान मावशींनी दार उघडलं, अहाहा, या, या, म्हणत सोबा ढकलत आणली, पेटवली, आणि तुम्हाला सांगते, खोलीभर जळक्या धुळीचा वास सुटला. तो वास कधी येतो माहितीये? हिवाळ्यात पहिल्यांदा पेटवली की. आणि जानेवारी अर्धा उलटून गेला होता.

माझ्या हे तेव्हा लक्षात आलं. पण माझे पाय वितळत होते हो! पाय वितळत असताना माणूस दुसऱ्याचा विचार करतो का? मी म्हटलं, थंडी आहे ना मावशी यंदा? त्या म्हणाल्या, "थंडी कुठंय, डोळे माझे!" लाडानं असंच म्हणतात आमच्याकडे, आणि बसल्या संत्री सोलायला.

मला भीती होती ती कॉफीची. आपल्याकडे चहा आला म्हणजे बसा, फळं आली म्हणजे बसा, आणि कॉफी आली म्हणजे उठा. कॉफी आणि चपला यांच्यात फक्त चार घोटांचं अंतर. तर मी मनातल्या मनात, येऊ नको, येऊ नको. आणि ती येईना! मावशींनी संत्री सोलली, मग सफरचंद कापली, मग सोबेवर चेस्टनट भाजले, मग रकानच्या मुलांचे फोटो, मग तेच फोटो उलट्या बाजूनं. बाबा उबेनं पेंगायला लागले. मी खूश, म्हटलं काय साधी बाई आहे, कॉफी करायचंच विसरली. एवढी शिकलेली मी! विसरली म्हणे!

मग वर अबू सिनानकडे गेलो. तिथेही तेच, कॉफी काही येईना. तीन संध्याकाळी फुकटात गरम झालो आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. आणि चौथ्या संध्याकाळी आमची घंटा वाजली.

परतफेड! भेटीला भेट! हा रिवाज मला आयुष्यभर माहीत होता आणि नेमका तोच मी हिशोबात धरला नव्हता. उम्म रकान आल्या, बरोबर बहिणीला घेऊन. मग सोबा ढकला, दिवाणखाना उघडा, चादरी काढा, फळं आणा. मग अबू सिनान सपत्नीक. त्यांनी येऊन फेड केली म्हणजे आता आपण जायचं, आपण गेलो की त्यांनी यायचं, आणि दरवेळी कुठल्या तरी घरात एक अख्खी खोली तापवायची! गल्लीत गॅसची गाडी गाणं वाजवत आली की पूर्वी मी खिडकी लावायचे, आता चपला न घालताच जिना उतरत होते. आमच्या तिन्ही घरांत यंदा इतका गॅस जळला की बाहेरच्या मांजरीसुद्धा आमच्या खिडकीखाली झोपायला लागल्या.

आणि बाबा? बाबा रोज दाढी करत होते. नद्यांच्या गोष्टी सांगत होते, अबू सिनानशी भांडत होते की नाईल लांब की अ‍ॅमेझॉन. एकदा तर कोट काढून खुर्चीवर टाकला, नुसत्या शर्टावर बसले, आणि मी सिलिंडरचं काढलं तर म्हणाले, "थंडी कुठंय, बाबा?" आणि या वेळी वाफ नव्हती.

तेव्हा मी गप्प बसायचं की नाही? पण नाही! मला डिग्री आहे ना! मोठ्या माणसांचा मूर्खपणा मला सहन होत नाही, समोर दिसला की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. सगळे आमच्या दिवाणखान्यात जमले होते, शेंगदाण्यांची बशी फिरत होती, आणि मी उभी राहून म्हटलं, "मावशी, काका, आपण जरा समजुतीनं घेऊ या. तीन घरांत तीन सोबा कशाला? रोज एकाच घरी बसू, सिलिंडरचे पैसे वाटून घेऊ. नाहीतरी आपण सगळे उबेसाठीच येतो ना एकमेकांकडे?"

बशी थांबली.

पाहुण्याकडे सिलिंडरचे पैसे मागितले मी. माझ्या बापाच्या घरात, माझ्या बापासमोर. अबू सिनान छताकडे बघायला लागले. त्यांच्या बायकोनं मुठीतले शेंगदाणे, सोललेले, हळूच बशीत परत ठेवले. आणि उम्म रकान मावशी हसल्या, इतक्या प्रेमानं हसल्या की मला अजून ते हसू दिसतं, आणि म्हणाल्या, "थंडी कुठंय, बाळा?" मग पर्स जवळ ओढली. "दीमा, कॉफी टाकतेस का? उशीर झाला."

पाहुण्यानं आपल्या तोंडानं कॉफी मागितली! मी टाकली. काय करणार? चार घोट, आणि जिन्यात चपला.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, माझी तयारी होती, माझे सगळे मुद्दे काढून ठेवले होते मी. ते चादरी घालत होते खुर्च्यांवर, कोपरे नीट खोचून, आई खोचायची तसे. दिवा बंद करताना म्हणाले, "हिशोब बरोबर होता तुझा." बस. भूगोलाच्या मास्तरांनी गणिताला मार्क दिले.

मी माफी मागायला गेले होते, नाही असं नाही. मावशींनी दार हातभर उघडलं, ये ना, ये ना, म्हणाल्या, पण हात दारावरच. अंगात कोट. आणि तुम्हाला सांगते, त्या फटीतून जी हवा बाहेर आली ती जिन्यापेक्षा गार होती. मी म्हटलं, घाईत आहे, पुन्हा येईन. त्या म्हणाल्या, इन्शाल्ला. आपल्याकडे इन्शाल्ला कोणत्या आवाजात म्हटलं की काय समजायचं, ते मला शिकवायला नको.

आता आम्ही दोघं एका खोलीत बसतो. म्हणजे बसत होतो. गेल्या आठवड्यात बाबांनी खुर्चीवर चढून कपाटावरचा माझा हीटर काढला, फुंकर मारली, माझ्या टेबलाखाली ठेवला, म्हणाले तुला काम असतं. आणि स्वतः बाहेरच्या खोलीत कोट घालून. मी दोनदा हाक मारली, बाबा, इथे या, इथे गरम आहे. पलीकडून आवाज आला, थंडी कुठंय. मग मीही तो लावला नाही. एकट्यासाठी काय लावायचा?

तर बिल इतकं कमी आलं, इतकं कमी, की परवा वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला आला. बाबा धावले, या, बसा, आत या, सोबा पेटवतो. तो बिचारा रिवाजाप्रमाणे नाही म्हणाला, दुसऱ्यांदा नाही म्हणाला, आणि तिसऱ्यांदा खरंच नाही म्हणाला. जिन्यातच मीटर ठोकून पाहिला, ठीक होता. मग बाबांना विचारलं, "काका, घर रिकामं आहे का हे? भर हिवाळ्यात एवढंच जळतं तर आम्ही बंद घर म्हणून लिहितो."

बाबा म्हणाले, "नाही, बाबा. आहोत आम्ही."

त्यानं लिहून घेतलं आणि गेला. नायेलला फोनवर सांगितलं तर बनियनवर टाळ्या वाजवल्या त्यानं, म्हणाला, शाबास, कसं जमवलंस? काय सांगणार त्याला? खर्च वाचेल असं मीच म्हटलं होतं चारचौघांत.

वाचला.