मऊ आवाजाचा स्पीकर

अगं, आमच्या ह्यांनी मुंबईहून केवढा महागाचा स्पीकर आणला! तो लावला की माझं तान्हं दचकून काळंनिळं होईस्तोवर रडायचं. जिवाला घोर नुसता. शेवटी मी हळूच मागच्या उघड्या बाजूनं स्पीकरच्या खोक्यात बाळाची सहा दुपटी कोंबली.

संध्याकाळी फैजपूरहून चुलत सासरे आले. गाणं ऐकून मान डोलवत म्हणाले, "काय आवाज शे भाऊ! लोणी!"

हे फुगले. "नाना, महाग वस्तूचा आवाज असा मऊच असतो."

हे नानांना सोडायला गेले, तेवढ्यात बाळानं ओलं केलं. कोरडं एकही नव्हतं, म्हणून मी खोक्यातली दुपटी काढली.

सकाळी हे ओरडले, "खोक्याला हात कुणी लावला? आवाज पार बिघडला!"

ह्यांनी स्क्रू पिळले. हे अंघोळीला गेल्यावर मी दुपटी परत कोंबली.

"बघ," हे आल्यावर गाणं लावून म्हणाले, "दुरुस्तीला जाणकाराचाच हात लागतो."