आठ प्लगांचा कंट्रोलर

प्रवाळ ही निसर्गाची साधना आहे, तिथे माणसाच्या अहंकाराला जागा नाही, अशी पाटी राजापेठेतल्या मत्स्यालयाच्या दुकानात होती. माशांचं खाद्य घ्यायला आलेले सहदेवराव ती वाचत होते. पाटीखाली कुंदन आणि त्याची बायको गीतांजली प्रवाळाच्या टाकीसाठी दिवे-मोटरा आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर निवडत होते.

"अकोल्याच्या तुह्या भाऊजीजवळ कोणता हाये?" कुंदननं विचारलं.

"चार प्लगांचा. घरी नसले तरी पाणी किती तापलं ते मोबाइलवर दिसते त्याइले."

"दादा, आठवाला दाखवा," कुंदन दुकानदाराला म्हणाला.

"आठ जागी लावसान काय? आपल्याजवळ एक दिवा अन् एक मोटर हाये."

"त्याची टाकी पाहून 'समुद्रच वाटते' म्हणली तू. आपली पाहून काय म्हणली?"

"काच पुसा म्हणली. चिकट होती, अवो."

"दादा, आठवालाच बांधा."

सहदेवरावांची पुडी केव्हाच बांधून झाली होती, पण त्यांचा पाय निघेना. तेवढ्यात गीतांजलीचा फोन वाजला. ती बोलली आणि वळली.

"ताई होती. भाऊजीनं टाकी विकली म्हणे. आता बोन्साय लावून राहिले."

कुंदननं कंट्रोलरचा डबा काउंटरवर परत ठेवला.

"दादा, बोन्साय भेटते काय?"

दुकानात फक्त मासे आणि माशांचं सामान मिळत होतं.