पातळ चुना

जयसिंग : ...मग भिंतीवर ‘आबासाहेब’ ऑइलपेंटात आणि त्याच्यावर माझं नाव पाण्यात कालवलेल्या तांबड्या कावंत? का म्हणून?

भरमाप्पा : उन्हात काव बरी दिसती.

जयसिंग : थुकी लावून बोट फिरवलं तर माझा ‘ज’ बोटावर आला, भरमाप्पा.

भरमाप्पा : फिरवू नका की मग. मतदार काय भिंत चाटत्यात?

जयसिंग : तालमीच्या भिंतीवर पण असंच काढलंयस?

भरमाप्पा : सगळ्या शिवाजी पेठेत. आबासाहेबांनीच सांगितलं. जुनं नाव खरवडू नको, वरनं पातळ चुना लाव.

जयसिंग : चुना? कुणाला?

भरमाप्पा : भिंतीला. मी एवढंच ऐकलं.

शालूबाई : ओ पावणं, भिंत माझी हाय. तुम्ही कोण?

जयसिंग : मी जयसिंग, मावशी. विधानसभेचा उमेदवार.

शालूबाई : उमेदवार तर आबासाहेब असतोय.

जयसिंग : त्यांनी यंदा माघार घेतली. बसथांब्याचं प्रकरण झालं न्हवं?

शालूबाई : कसलं प्रकरण?

भरमाप्पा : एकच पत्र्याचा बसथांबा ट्रॅक्टरवर घालून सात गावांत उद्घाटन केलं, आक्का. सातव्या गावात पडदा वढला, तर पहिल्या गावचं म्हातारं आत यष्टीची वाट बघत बसलेलं.

शालूबाई : आणि हा त्यांचा कोण?

जयसिंग : डायव्हर. म्हणाले, माझ्या जागी तू उभा ऱ्हा, आमदार तूच.

शालूबाई : डायव्हर तर बसूनच असतोय की रं. बाजूला सर, बघू तुझी काव. पाण्याची बादली मारते.

जयसिंग : अवो मावशी, अवो...

भरमाप्पा : गेलं.

शालूबाई : अगं बया! तू व्हावून गटारीत. आणि आबासाहेब बघ कसा चकचकीत निघाला.

भरमाप्पा : निकालानंतर मारायची बादली तुम्ही आजच मारली, आक्का.

जयसिंग : निकालानंतर? म्हणजे मी निवडून आलो तरी?

भरमाप्पा : तुम्ही राजीनामा देणार, तवर लोक बसथांबा विसरणार, साहेब परत उभं. मला वाटलं तुम्हाला ठाव असंल.

जयसिंग : न्हाय रं... आण तो ऑइलपेंट! आबासाहेबावर फिरव बोळा आणि माझं नाव काढ, वीतभर जाड. आता कुणाच्या बापाच्या सांगण्यावरनं मी बसणार न्हाय!

(गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न, तीनदा.)

शालूबाई : काय झालं रं?

जयसिंग : साहेब. पान खाऊन गाडीपाशी आल्यात.

भरमाप्पा : ब्रश बुडवलाय मी. काढू न्हवं?

जयसिंग : जरा थांब. आलोच.

शालूबाई : उमेदवार, चालला कुठं?

जयसिंग : दार उघडाय, मावशी. ते उभ्यानंच उघडाय लागतंय.