कारभाऱ्याची मिशी

भांडावं लागेल असं वाटलं होतं गं मला. बस, अहल्या, त्या स्टुलावर बस — मिशी चिकटवायच्या आधी ओठ पुसायला स्पिरिट हवंय ना, देते, बाटली कुठं पळून जात नाही — नाटकाला अजून अवकाश आहे, गॅसबत्त्यासुद्धा पेटायच्यात. तूच विचारलंस म्हणून सांगतेय. नाटकातल्या बायकांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी आधी माझ्या या कनातीत येऊन जायचं, मग मांडवात पाय ठेवायचा, हे कुणी काढलं? मीच काढलं. गेल्या वर्षी. कलकत्त्याहून साथीच्या रोगांचं शिक्षण घेऊन आले, नगरपालिकेत नोकरी लागली, आणि डोक्यात एकच — देश आपला झालाय, आता चार माणसं देवासाठी जमली की त्यातली दोन अंथरुणाला खिळतात, हे बंद करायचं. लहानपणी पाहिलं होतं ना मी, जत्रा पांगली की गल्लीत पटकीची कुजबुज सुरू व्हायची, हैजा, हैजा. म्हणून म्हटलं, भांडावं लागलं तरी भांडू. यज्ञेश्वरकाका म्हणतील, गणपतीच्या पाण्यात दवा घालतेस? आचारी म्हणेल, मला सुई टोचणार? रात्र-रात्र उत्तरं घोकली होती मी. आणि सापडलं काय? सगळे हो म्हणाले. एकजात सगळे. भांडायला माणूसच मिळेना.

काकांना तर तू ओळखतेसच, आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, जुन्या दरबारातले कारकून — अजून उभे राहतात तर वाटतं कुणाची तरी स्वारी येतेय. म्हणाले, "जयूबाई, आपण हुकूम करा." मी म्हटलं, पाण्याच्या माठात कुणी हात घालायचा नाही, तोटीची पिंपं हवीत. आली पिंपं. पाण्यात पावडर टाकायची. टाकली, वास आला, तर काका स्वतः पहिला पेला प्यायले आणि तोंड वाकडं न करता म्हणाले, "बढिया है." पंचामृत सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही, थोडं थोडं करायचं. केलं. कापलेली फळं विकणाऱ्यांना टॉवर चौकाच्या पलीकडे नेऊन बसवलं. परसाकडची सोय पाण्यापासून लांब, तिथं राखेचं टोपलं, बाहेर साबण आणि हातावर पाणी घालायला माणूस. आचाऱ्याला सुई टोचली तर दंड एवढा सुजला त्याचा, तरी झारा दुसऱ्या हातात घेऊन बुंदी पाडली त्यानं. मला रडू येईल की काय वाटलं त्या दिवशी — आनंदानं गं. म्हटलं, पाहा, आपल्या लोकांना उगाच नावं ठेवतात.

तू घाम पूस ना. हा घे टॉवेल. भाद्रपदातला उकाडा, हो, आहेच.

आणि एक नियम होता. ज्याला पोटाचा त्रास, ज्याला ताप, त्यानं मांडवात यायचं नाही. उत्सव संपेपर्यंत नाही. प्रेक्षक असो, कामाचा असो, नाटकातला असो. पुस्तकात असतंच ते, पहिल्याच धड्यात, आणि खोटं नाहीच — आजाऱ्याच्या हातचं पाणी हजार माणसं पिणार तर त्याला लांबच ठेवायला हवं. हवंच. आजही म्हणेन. फक्त तो सांगायचा कसा, हे कुठल्या धड्यात नव्हतं. काकांनी त्या वर्षी लाउडस्पीकर आणला होता, नवाकोरा, आणि त्यांना तो हातातून सोडवत नव्हता. आपला रमेश खोत, स्टेट बँकेच्या पलीकडे घर आहे बघ त्यांचं, तो पाण्याच्या पिंपावर होता. दुसऱ्याच दिवशी बिचारा स्वतःहून आला माझ्याकडे, म्हणाला, ताई, सकाळपासून चारदा जाऊन आलो. मी काकांना सांगितलं, याला घरी पाठवा, दुसरा माणूस द्या. काका गेले भोंग्यापाशी. "सुनिए, सुनिए. श्री रमेश खोत को दस्त लग गए हैं, अतः वे आज जल-सेवा नहीं करेंगे. कृपया सहयोग दें." आणि मग तेच मराठीतून. सगळं मैदान हसलं. कडेला टांगेवाले उभे होते ते हसले, घोडेसुद्धा हसले म्हणायचे. पुढं आठवडाभर रमेश बाहेर पडला की कुणीतरी विचारायचंच, "क्यों रमेशबाबू, सब खैरियत?"

मीही हसले. आता काय लपवायचं. विनोदिनी माझ्या शेजारी उभी होती, ती तर पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

विनोदिनी — हो, तीच. आज तू करतेस तीच भूमिका, हाच कारभारी. मिशीही हीच. तुला कुणी सांगितलं नव्हतं? कुणी बोलत नाही तिच्याबद्दल, मला वाटतं माझ्यासमोर बोलत नाहीत. आम्ही एका गल्लीतल्या. क्षिप्रेवर कपडे धुवायला आई जायची तेव्हा आम्ही दोघी घाटाच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांच्या चालण्याच्या नकला करायचो, म्हणजे ती करायची, मी हसायची. तोपर्यंत आपल्या बायकांची नाटकं कुणाच्या तरी दिवाणखान्यात, हळदीकुंकवाला, दारं लावून. गेल्या वर्षी पहिल्यांदा मैदानात, पुरुषांसमोर. आणि विनूला कारभारी. पगडी, अंगरखा, पोटाला उशी आणि मिशी. घरी आरशासमोर तालीम करायची तर तिचा लेक म्हणायचा, आई, बाबा झालीस. आणि तिच्यासाठी ते पहिलं आणि शेवटचंही होतं. नवं राज्य होणार म्हणून जिकडे-तिकडे उत्साह, पण तिच्या यजमानांचं सरकारी दफ्तर, अख्खी कचेरीच, भोपाळला चाललं होतं ना. ती म्हणायची, "जयू, तुमचं मध्य प्रदेश होईल तेव्हा होवो, माझं उज्जैन तर गेलं. एकदा या गावाला हसवून जाते." पुढच्या वर्षी नव्हतंच तिला काही. म्हणजे बघ, रमेशला घरी पाठवलं तर त्याचं एक पिंप गेलं. तिला पाठवलं असतं तर —

पाणी घेतेस का? नको? एक घोट घे. घे म्हणते ना. हळू.

मला कळलं नाही, हे खरंच सांगते. ती काही बोललीच नाही मला, कधीच विचारलं नाही काही. नाटकाच्या दिवशी दुपारी प्रसाद वाटायची पाळी होती तिची, तर म्हणाली, "कुसुमला सांग ना माझ्याऐवजी, मला संवाद घोकायचेत." मी म्हटलं, भूमिकेची धास्ती. तिनं पाण्याच्या पिंपाला हात लावला नाही. बाकीच्या बायका पानसुपारी घेऊन एकत्र बसल्या होत्या, ही लांब खांबाशी. हात धुवायला मात्र परत परत गेली, साबणानं, कोपरापर्यंत, मी दाखवलं होतं तसं. माझा एकूण एक नियम पाळला गं तिनं. एक सोडून.

आणि नाटक काय झालं म्हणून सांगू. देवास गेटपासून लोक चालत आले होते. कारभारी दरबारात येतो तो प्रवेश आहे ना, तू ताठ छाती काढून येतेस — ती आली ती कमरबंद दोन्ही हातांनी आवळून, जरा वाकून, पावलं मोजत. लोक लोटपोट. मी या इथंच उभी राहून बघत होते, मनात म्हटलं, काय नक्कल काढलीय, पोट सुटलेल्या माणसाची. मध्येच ती आत गेली, कारभाऱ्याच्या बायकोच्या दोन संवादांपुरती, आणि परत आली, घामानं मिशी एका बाजूनं सुटली होती. ती तशीच लोंबती मिशी दाबत म्हणाली, "कारभार सांभाळावा की मिशी?" नाटकात नाहीच ते वाक्य. टाळ्या थांबेनात. यजमान तिचे पहिल्या रांगेत, मांडीवर लेक. मुलगा टाळ्या वाजवून वाजवून दमला.

पडदा पडला आणि ती तिथंच बसली. मग आडवी झाली.

दवाखान्यात मी सोबत होते. त्यांनी केलं सगळं, शिरेतून पाणी दिलं, मीठ दिलं, पण आणायलाच उशीर झाला होता, सबंध दिवस तिनं अंगातलं पाणी जाऊ दिलं होतं. डोळे आत गेलेले, आवाज राहिला नव्हता. वरच्या ओठावर गोंदाचा पट्टा तसाच होता. नर्सला वाटलं घाण आहे, ती ओल्या बोळ्यानं घासत बसली, निघेना. मी म्हटलं, राहू दे. पाण्यानं जात नाही तो, स्पिरिट लागतं. उजाडता उजाडता गेली.

आणि बाकी कुणालाही काही झालं नाही. हे ऐक. एवढी गर्दी, एवढे दिवस, पण एकही प्रेक्षक आजारी पडला नाही, आचारी नाही, झाडूवाला नाही. नगरपालिकेतल्या मोठ्या साहेबांनी बोलावून पाठ थोपटली माझी, म्हणाले, उत्सव करावा तर असा, बाकीच्या मंडळांनीही हेच इंतजाम ठेवावेत. मी उभी. एक बाई दगावली, पण ती हिशेबात नव्हती, तिनं कुणाला लावलं नाही ना. तिनंच तर कुणाला लागू दिलं नाही. मांडव तिनं वाचवला, साहेब, मी नाही — असं म्हणायला हवं होतं. मी नुसतं थँक यू म्हणाले.

तुला वाटेल, हिला एवढं का लागलंय. मैत्रीण होती, लपवलं तिनं, दुसरं कुणी काय करणार. यजमानही हेच म्हणाले मला, जाताना, सामान ट्रकवर चढवत होते तेव्हा — "ती हट्टीच होती, जयूताई. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही वाचवलं असतं." मी मान हलवली. विचारलं असतं तर.

विचारलं होतं. त्या दुपारीच. याच कनातीत आली, हेच स्टूल, आणि काय मागायला आली माहीत आहे? स्पिरिट. मग बाटली हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "जयू, समज, एखादीचं नुसतं पोट बिघडलं असेल, नुसतं, तर?" मी सुया उकळायला ठेवत होते, वर पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "कोण गं ही एखादी? नाव सांग, काकांना भोंग्यावर पाठवते." हसलो दोघी. ती हसली तेव्हा मला ऐकू आलं तिचं हसणं, अजून येतं. गेली बाटली घेऊन.

हे मी अण्णांनाही सांगितलेलं नाही, माझ्या वडिलांना. तुला का सांगितलं कुणास ठाऊक.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक भरून बसले होते. कलकत्त्याला परत. म्हटलं, नाही जमत आपल्याला माणसांत. अण्णा दोरी घेऊन आले ट्रंक बांधायला, वाकून गाठ मारू लागले, आणि मला एकदम वाटलं, मी जाईन, पण नियम इथंच राहील. भोंगाही राहील. पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी खांबाशी लांब जाऊन बसेल. तशीच उठले आणि काकांकडे गेले. काका ओसरीवर बसले होते, त्या वेळी दरबारी वगैरे काही दिसत नव्हते. म्हटलं, काका, आजाऱ्यानं मांडवात यायचं नाही हे राहील. पण दोन गोष्टी ठरवून आलेय. नाव कुणाचंही पुकारायचं नाही, कधीच नाही. आणि जो घरी जाईल त्याची जागा जाणार नाही. पिंप असेल तर पिंप. नाटक असेल तर नाटक थांबेल, ती बरी होईपर्यंत. दुसरी कुणी तिची भूमिका करणार नाही. काका म्हणाले, "मांडव भरलेला असला तर?" मी म्हटलं, भरलेला असला तरी. मग काका म्हणाले, "लोकांना काय सांगायचं?" म्हटलं, मी सांगेन. तो भोंगा माझ्या हातात द्यायचा.

वर्ष झालं. अजून तशी वेळ आली नाही. कुणी आलंच नाही माझ्याकडे. सगळ्यांनी नियम ऐकला, माना डोलावल्या, आणि विश्वास कुणाचाच नाही बसला.

अहल्या, इकडे बघ. मी बोलत होते तेवढ्यात तू दोनदा उठून मागं परसाकडे जाऊन आलीस. हात दे. किती गार आहे बघ. ओठ वाळलेत. वडील ग्वाल्हेरहून आलेत, माहीत आहे मला, पहिल्याच रांगेत बसलेत, आणि तुझ्या नाटकाला पहिल्यांदाच हो म्हणालेत, तेही माहीत आहे. नाही, बोलू नकोस. मी काही विचारत नाहीये.

मागच्या बाजूला टांगा उभा आहे, रोज असतो. कुसुम येईल तुझ्याबरोबर, दवाखान्यात सगळं तयार असेल. वडिलांना मी मागाहून पाठवते, मीच सांगते त्यांना, हळूच. मांडवाला मी सांगेन की नाटक आज नाही, पुढं आहे, का ते विचारू नका. ओरडतील. ओरडू देत.

ती मिशी दे इकडे. दे. या डबीत ठेवते, कापसात. तुझीच आहे. जा आता.