तड्याला टाके

मोडलेलं सांधण्यातच माणसाचं थोरपण आहे, असं लाँड्रीच्या रांगेतल्या प्राध्यापकबाईंचं ठाम मत होतं. स्वतः त्यांनी आजवर साधं बटणही लावलं नव्हतं. पुढच्या दोन शेजाऱ्यांचं बोलणं त्यांच्या कानावर आलं.

"वॉशिंग मशीनच्या झाकणाला तडा गेलेला. घरीच सांधला, काका!"

"कशानं रे?"

"गरम स्टेपलरनं. तापलेली तार प्लॅस्टिकात रुतवायची. थंड झाली की घट्ट!"

"आणि तुझा मेहुणा म्हणायचा, दाजींना खिळाही ठोकता येत नाही."

"काल त्यानंच झाकण दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. घामाघूम झाला, पण तडा उकलला नाही!"

"शाबास पठ्ठ्या! सूनबाई काय म्हणाली?"

"भावाच्या तोंडावर म्हणाली, 'बघ, माझा नवरा!'"

"मग हे धुण्याचं गाठोडं इथे कसं?"

"तार खाली मशीनमध्येही रुतलीय. झाकण उघडत नाही."